बिनसैन्याच्या देशाची तीन युद्धे

१९०१ च्या जूनमध्ये ब्रिटन आणि डेन्मार्क यांनी लंडनमध्ये एका करारावर सह्या केल्या. आइसलँडच्या किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतची मासेमारी तिथल्या रहिवाशांची, त्यापुढचा समुद्र सगळ्यांचा, असा त्याचा मथितार्थ. मुदत पन्नास वर्षांची. ज्यांच्या दारातल्या पाण्याचा हा सौदा झाला त्यांना कुणी विचारलेसुद्धा नाही. बेट डेन्मार्कच्या ताब्यात होते, आणि डेन्मार्कला आपले लोणी आणि डुकराचे मांस ब्रिटनच्या बाजारात खपवायचे होते. हल आणि ग्रिम्सबी या इंग्लिश बंदरांतल्या वाफेच्या ट्रॉलरांना मात्र त्या दिवसापासून कॉड माशाची खाणच मोकळी झाली.

आइसलँडचे जगणे या एका माशावर किती अवलंबून होते, हे समजल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. शेती बेताची, कोळसा नाही, लोखंड नाही, जंगल नावापुरते. विसाव्या शतकाच्या मध्याला देशाच्या निर्यातीतला सिंहाचा वाटा मासळीचा होता. शाळा, रस्ते, इस्पितळे, बाहेरून येणारे धान्य आणि तेल हे सगळे कॉडच्या पैशातून. लोकवस्ती १९७५ च्या सुमारासही जेमतेम सव्वादोन लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. १७ जून १९४४ रोजी आइसलँड प्रजासत्ताक झाले तेव्हा डेन्मार्क जर्मनीच्या टाचेखाली होता आणि खुद्द आइसलँडमध्ये परके सैन्य होते. बेट तटस्थ असतानाही मे १९४० मध्ये ब्रिटिशांनी ते न विचारता ताब्यात घेतले होते. वर्षभराने त्यांची जागा अमेरिकनांनी घेतली.

स्वतःचे सैन्य या देशाने उभारले नाही, आजही नाही. तरी १९४९ मध्ये तो नाटोचा संस्थापक सदस्य झाला. शांततेच्या काळात आमच्या भूमीवर परके सैन्य नको, असे तेव्हा बजावले होते. तेवढ्यानेही राजधानी रेक्याविकच्या संसद भवनासमोर दगडफेक आणि अश्रुधूर झालाच. दोन वर्षांनी, कोरियातल्या युद्धाच्या सावटाखाली, केफ्लाविकचा विमानतळ अमेरिकेच्या हवाली झाला. सोव्हिएत संघाच्या उत्तरेकडच्या पाणबुड्यांना अटलांटिकमध्ये उतरायचे तर ग्रीनलंड, आइसलँड आणि ब्रिटन यांच्यामधल्या पाण्यातूनच जावे लागे, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला केफ्लाविकसारखी दुसरी जागा नव्हती. चाळीत जिन्याच्या तोंडाशी खोली असलेल्या भाडेकरूसारखी आइसलँडची अवस्था झाली. खोली लहान, मिळकत तुटपुंजी, पण वर जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याशी गोडीगुलाबीने राहणे भाग. हे आपले भाग्य आहे की दुर्दैव, यावर आइसलँडच्या लोकांत कधी एकमत झाले नाही. त्याचा उपयोग कसा करायचा, हे मात्र त्यांना लवकर उमगले.

पहिला धडा १९५२ मध्ये मिळाला, आणि तो शिकवला ब्रिटिश ट्रॉलरमालकांनी. जुन्या कराराची मुदत संपली होती. शिवाय डिसेंबर १९५१ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अशाच एका वादात ब्रिटनविरुद्ध नॉर्वेच्या बाजूने निकाल दिला होता. त्याचा आधार घेऊन आइसलँडने खाड्यांच्या तोंडांवरून सरळ रेषा ओढल्या आणि हद्द चार मैलांवर नेली. ट्रॉलरमालकांनी यावर आइसलँडचा मासा इंग्लंडच्या धक्क्यावर उतरू द्यायचा नाही, असे ठरवले. ब्रिटन हे आइसलँडचे मोठे गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली की दुकानदार महिन्या-दोन महिन्यांत वठणीवर येईल, असा हिशेब.

पण १९५३ मध्ये मॉस्कोने व्यापार करार करून आइसलँडचा गोठवलेला मासा उचलायला सुरुवात केली आणि बदल्यात तेल दिले. नाटोच्या एका सदस्याची चूल सोव्हिएत तेलावर पेटते आहे, हे पाहून वॉशिंग्टनची झोप उडाली. १९५६ मध्ये बहिष्कार गुंडाळला गेला आणि चार मैलांची हद्द ब्रिटनने निमूटपणे चालवून घेतली. पुढच्या वीस वर्षांच्या नाटकाची संहिता इथेच लिहून झाली होती, असे मला वाटते. ब्रिटनशी भांडायचे ते समुद्रावर; पण ऐकवायचे अमेरिकेला.

१ सप्टेंबर १९५८ रोजी आइसलँडने हद्द बारा मैल केली. मत्स्योद्योगमंत्री होते लुदविक योसेप्सन, डाव्या आघाडीतले कम्युनिस्ट. नाटोच्या एका सरकारात कम्युनिस्ट मंत्री बसले आहेत, ही गोष्टच लंडन-वॉशिंग्टनला पुरेशी खुपणारी होती. निषेध इतर देशांनीही नोंदवला, पण लढाऊ जहाजे धाडली ती एकट्या ब्रिटनने. नौदलाने समुद्रावर चौकोन आखले आणि ट्रॉलरांना त्यांत राहून मासे धरायला सांगितले. मासा चौकोन पाहून पोहत नाही, त्यामुळे व्यवहार आतबट्ट्याचा ठरला.

दुसऱ्याच दिवशी आइसलँडच्या तटरक्षकांची एक तुकडी ‘नॉर्दर्न फोम’ या ट्रॉलरवर चढली. ‘ईस्टबोर्न’ या ब्रिटिश फ्रिगेटने ट्रॉलर सोडवला आणि त्या तटरक्षकांना आपल्या जहाजावर नेले. त्यांना परत घ्यायला आइसलँड तयार होईना. ते आमच्या हद्दीतल्या ट्रॉलरवर कायदेशीर कामाला गेले होते, त्यांना तिथेच परत सोडा, असा हट्ट. दीड आठवडा ही मंडळी शाही नौदलाचा पाहुणचार घेत राहिली. शेवटी एका रात्री केफ्लाविकजवळ त्यांना एका वल्ह्याच्या होडीत बसवून सोडून देण्यात आले. ‘थोर’ या गस्तीनौकेचे कप्तान एरिकुर क्रिस्तोफर्सन आणि ‘ईस्टबोर्न’चे कप्तान अँडरसन यांच्यात बायबलमधल्या वचनांची देवाणघेवाण होत असे. रेक्याविकमध्ये ब्रिटिश राजदूत अँड्रयू गिलख्रिस्ट यांच्या घरासमोर जमाव घोषणा देऊ लागला, तर त्यांनी ग्रामोफोनवर स्कॉटिश बॅगपाइपची तबकडी मोठ्याने लावली. या भांडणाला ‘कॉड युद्ध’ हे नाव पडले ते काहीशा थट्टेनेच.

मार्च १९६१ मध्ये समेट झाला. ब्रिटनने बारा मैल मान्य केले, स्वतःच्या ट्रॉलरांसाठी तीन वर्षांची सवलत मिळवली आणि एक कलम घालून घेतले: आइसलँडने हद्द आणखी वाढवली आणि त्यावर वाद झाला, तर तो हेगच्या न्यायालयापुढे जाईल. लंडनला वाटले, पुढची दारे आता बंद झाली. आइसलँडमधल्या विरोधकांनाही तसेच वाटले, म्हणून ते या कलमावर तुटून पडले. दोघांचाही अंदाज चुकला.

मधली दहा वर्षे शांत गेली, तरी १९६८ चा हिवाळा सांगायलाच हवा. जानेवारी-फेब्रुवारीच्या तीन आठवड्यांत हलचे तीन ट्रॉलर बुडाले आणि ५८ खलाशी गेले. त्यांतला ‘रॉस क्लीव्हलँड’ आइसलँडच्या वायव्येकडच्या खाडीत बर्फाच्या वादळात उलटला. त्याच वादळात त्याच खाडीत ग्रिम्सबीचा ‘नॉट्स काउंटी’ खडकावर चढला होता. आइसलँडच्या ‘ओदिन’ या गस्तीनौकेने त्या भयंकर हवेत रबरी तराफे नेऊन त्याच्यावरचे १८ जण वाचवले. याच ‘ओदिन’ने काही वर्षांनी ब्रिटिश ट्रॉलरांची जाळी तोडली. हलच्या खलाशांना आइसलँडचा किनारा परका नव्हता. वादळात आसरा आणि आजारात इस्पितळ तिथेच मिळे. पुढच्या भांडणात दोन्हीकडच्या दर्यावर्दींनी एकमेकांना भरपूर शिव्या घातल्या, पण जीव घ्यायची वेळ आली की हात आखडता घेतला, त्यामागे ही ओळख असावी.

१९७१ मध्ये ओलाफुर योहानेसन यांचे आघाडी सरकार आले. योसेप्सन पुन्हा मत्स्योद्योगमंत्री. सरकारच्या कार्यक्रमात दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या: हद्द पन्नास मैल करणे, आणि अमेरिकेबरोबरच्या संरक्षण कराराचा फेरविचार. हा शेजार योगायोगाचा नव्हता.

१ सप्टेंबर १९७२ पासून पन्नास मैल लागू झाले. ब्रिटन आणि पश्चिम जर्मनी हेगला गेले. न्यायालयाने ऑगस्टमध्येच अंतरिम आदेश देऊन ब्रिटनला वर्षाला १ लाख ७० हजार टन मासा धरायची मुभा दिली होती. आइसलँड न्यायालयात हजरच राहिले नाही. १९६१ चा करार आता कालबाह्य झाला, असे त्यांचे म्हणणे. कायद्याच्या दृष्टीने ही बाजू लंगडी होती, आणि जुलै १९७४ मध्ये निकालही आइसलँडच्या विरोधात गेला. पण तोवर समुद्रावर वेगळाच निकाल लागत होता.

५ सप्टेंबर १९७२ रोजी ‘आयगिर’ या गस्तीनौकेला एक काळा ट्रॉलर दिसला. नाव पुसलेले, क्रमांक पुसलेला. कप्तान गुडमुंडुर क्यारनेस्टेड यांनी रेडिओवरून ओळख विचारली, तर पलीकडून ‘रूल ब्रिटानिया’ या ब्रिटिश देशभक्तिगीताचे सूर आले. क्यारनेस्टेड यांनी ट्रॉलरच्या मागून नौका आडवी नेली आणि पाण्याखालून एक नांगरासारखे अवजार ओढले. त्याच्या धारदार दात्यांत जाळे ओढणारी पोलादी तार सापडली आणि तुटली. ट्रॉलर ‘पीटर स्कॉट’ होता. त्याच्यावरच्या खलाशांनी कोळसा, कचरा आणि एक कुऱ्हाडसुद्धा ‘आयगिर’वर भिरकावली, पण जाळे केव्हाच तळाला गेले होते.

तटरक्षक दलाचे प्रमुख प्येतुर सिगुर्दसन यांच्या देखरेखीखाली तयार झालेले हे अवजार बिनसैन्याच्या देशासाठी आदर्शच म्हटले पाहिजे. कुणी मरत नाही, जहाज बुडत नाही, गोळी सुटत नाही. ट्रॉलरमालकाचे हजारो पौंडांचे जाळे मात्र जाते आणि खलाशाचा पगार कापला जातो. ज्याच्यावर तोफ डागावी असे यात काहीच नव्हते, आणि ब्रिटनकडे होत्या त्या तोफा.

जानेवारी १९७३ मध्ये वेस्टमन बेटांवर मध्यरात्री जमीन फाटून ज्वालामुखी उसळला. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मच्छीमारांच्या होड्या बंदरातच होत्या, म्हणून पाच हजारांवर माणसे त्या एका रात्रीत बाहेर काढता आली. गस्तीनौका या कामात गुंतल्या आणि समुद्र काही दिवस शांत राहिला. वसंतात तारा पुन्हा तुटू लागल्या. मेमध्ये ट्रॉलरवाल्यांनी नौदल येणार नसेल तर आम्ही चाललो, असे म्हणून पन्नास मैलांची रेषा ओलांडली, आणि १९ मे रोजी फ्रिगेटी घेऊनच ते परतले. त्याच आठवड्यात ‘आयगिर’ने ‘एव्हर्टन’ या ट्रॉलरवर तोफगोळे डागले. त्याला भोके पडली, पण माणूस दगावला नाही. रेक्याविकमध्ये ब्रिटिश दूतावासाच्या काचा फुटल्या. आणि नेमक्या याच धामधुमीत, ३१ मे रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि फ्रान्सचे अध्यक्ष पाँपिदू भेटीसाठी रेक्याविकमध्ये येऊन ठेपले. आइसलँडच्या मंत्र्यांना गाऱ्हाणे घेऊन वॉशिंग्टनला जायची गरज उरली नाही. वॉशिंग्टनच दारात आले होते.

या तिन्ही युद्धांत आइसलँडचा एकच माणूस गेला. ऑगस्ट १९७३ मध्ये ‘अपोलो’ या फ्रिगेटशी टक्कर झाल्यावर ‘आयगिर’च्या कवचाची डागडुजी करताना एका यंत्रज्ञाला वेल्डिंगच्या यंत्राचा धक्का बसला. सप्टेंबरमध्ये रेक्याविकने बजावले: नौदल मागे घ्या, नाहीतर राजनैतिक संबंध तोडू. नाटोचे सरचिटणीस जोसेफ लुन्स धावपळ करू लागले. ब्रिटिश पंतप्रधान हीथ यांनी फ्रिगेटी पन्नास मैलांबाहेर नेल्या, योहानेसन लंडनला गेले आणि नोव्हेंबरमध्ये दोन वर्षांसाठी तडजोड झाली. ब्रिटनला वर्षाला १ लाख ३० हजार टन. हेगने दिले होते त्यापेक्षा ४० हजार टनांनी कमी, आणि तेही हेगचा मान ज्याने ठेवला त्याला!

तिसरे युद्ध सगळ्यांत कडवट. १९७५ च्या शरदात आइसलँडच्या समुद्र संशोधन संस्थेने एक अहवाल दिला, तो तिथे ‘काळा अहवाल’ म्हणून ओळखला जातो. कॉडचा उपसा असाच चालला तर साठा कोसळेल, असा इशारा त्यात होता. १५ ऑक्टोबरला हद्द दोनशे मैल झाली. आता सरकार डावे नव्हते. पंतप्रधान होते गेयर हाल्ग्रिमसन, नाटोचे खंदे समर्थक. त्यामुळे पेच अधिकच बिकट. पश्चिम जर्मनीने नोव्हेंबरमध्ये वेगळा समझोता करून अंग काढून घेतले आणि ब्रिटन एकटा उरला.

ब्रिटनने आळीपाळीने एकूण २२ फ्रिगेटी पाठवल्या, सोबत भक्कम टग जहाजे. समोर चार गस्तीनौका – ‘आयगिर’, ‘टीर’, ‘थोर’, ‘ओदिन’, सगळ्या जुन्या नॉर्स देवांच्या नावांच्या – आणि गस्तीसाठी घेतलेले दोन ट्रॉलर. आकड्यांवरून ही लढत होण्यासारखीच नव्हती. प्रत्यक्षात फ्रिगेट हे पाणबुडीचा पाठलाग करण्यासाठी बांधलेले वेगवान, पातळ पत्र्याचे जहाज. आइसलँडच्या नौका हिमाच्या पाण्यात वावरायला केलेल्या जाड कवचाच्या. दोघांनी एकमेकांना घासले की दुरुस्तीचे बिल लंडनला मोठे येई. ‘बाल्दुर’ हा ट्रॉलर तर आपल्या मागच्या धारदार कोपऱ्यांनी फ्रिगेटी फाडण्यासाठीच नावाजला गेला. ‘डायोमीड’च्या कुशीला त्याने मोठे भगदाड पाडले. पन्नासहून जास्त टकरी झाल्या. प्रत्येक टकरीनंतर दोन्ही बाजू एकच सांगत: आम्ही सरळ चाललो होतो, ते अंगावर आले.

११ डिसेंबरला सेय्दिसफ्योर्दुर या खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्यापासून अगदी जवळ, ‘थोर’ची ब्रिटिश टग जहाजांशी झटापट झाली आणि गोळ्या सुटल्या. आइसलँडने सुरक्षा परिषदेत तक्रार नेली. जानेवारीत मच्छीमारांनी केफ्लाविकच्या तळाकडे जाणारे रस्ते अडवले. लक्षात घेण्याजोगे आहे की राग ब्रिटनवरचा आणि नाकेबंदी अमेरिकेची. नाक दाबले की तोंड उघडते, हे त्या कोळ्यांना कुणी शिकवायला लागले नाही. लुन्स पुन्हा विमानात बसले, फ्रिगेटी तात्पुरत्या हटल्या, हाल्ग्रिमसन ब्रिटिश पंतप्रधानांच्या चेकर्स या निवासस्थानी जाऊन हॅरल्ड विल्सन यांना भेटले. काही जुळले नाही. १९ फेब्रुवारी १९७६ रोजी आइसलँडने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. नाटोच्या एका सदस्याने दुसऱ्याशी असे करण्याची ही पहिलीच वेळ.

यानंतर आइसलँडने अमेरिकेकडे वेगवान गनबोटी मागितल्या. नकार मिळताच सोव्हिएत जहाजांचा विषय निघाला. खरोखर ती घेतली असती का, हा प्रश्न गौण. तो विषय नाटोच्या ब्रसेल्समधल्या मुख्यालयात ऐकू गेला, हे महत्त्वाचे. ६ मे रोजी ‘फाल्मथ’ या फ्रिगेटने ‘टीर’ला भरवेगात धडक दिली. ‘टीर’ आडवी झाली, जवळजवळ उलटलीच, आणि पुन्हा सावरली. कप्तान होते तेच क्यारनेस्टेड. त्यांनी तोफांवर माणसे उभी करायचा हुकूम दिला. आणखी एक धडक, आणि दहा-वीस प्रेते पाण्यात तरंगली असती, तर नाटोचा एक तळ बंद व्हायला आठवडाही लागला नसता. हे दोन्ही राजधान्यांना आणि तिसऱ्या, म्हणजे वॉशिंग्टनला, कळून चुकले.

त्याच महिन्यात नाटोच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक ऑस्लोला होती. नॉर्वेच्या मध्यस्थीने बोलणी झाली आणि १ जून १९७६ रोजी करार झाला. एका वेळी जास्तीत जास्त २४ ब्रिटिश ट्रॉलर, तेही सहाच महिने, आणि माशांच्या पैदाशीच्या जागा त्यांना बंद. ब्रिटनच्या बाजूने बोलणी करणारे परराष्ट्रमंत्री होते अँथनी क्रॉसलंड. त्यांचा मतदारसंघ ग्रिम्सबी. आपल्याच मतदारांची रोजी सोडून देणाऱ्या कागदावर त्यांना सही करावी लागली. १ डिसेंबरला मुदत संपली आणि ब्रिटिश ट्रॉलर निघून गेले.

महिनाभराने, १ जानेवारी १९७७ पासून, ब्रिटनने स्वतःच्या किनाऱ्याभोवती दोनशे मैलांची मासेमारी हद्द जाहीर केली. भारतानेही १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने दोनशे मैलांचा पट्टा आपला ठरवला. मालवण-रत्नागिरीपुढच्या खोल पाण्यावर परदेशी ट्रॉलर आले तर त्यांना अडवण्याचा आपला हक्क याच काळातला. १९८२ च्या समुद्र कायदा करारात ही हद्द जगाने स्वीकारली. काळाचा ओघ आइसलँडच्या बाजूने होता, हे खरेच. दोनशे मैलांच्या तत्त्वाला ब्रिटनही सागरी परिषदांत तोवर अनुकूल झाला होता. तरी केवळ तत्त्वावर त्याचे ट्रॉलर हटले नसते.

आइसलँडला या कथेत साधू ठरवायचे कारण नाही. परके गेल्यावर त्यांच्या स्वतःच्या ट्रॉलरांनी कॉडचा उपसा जोमाने केला, साठा पुन्हा घसरला आणि १९८४ मध्ये कोटापद्धत आणावी लागली. तिकडे हल आणि ग्रिम्सबीतले हजारो खलाशी आणि धक्क्यावरचे कामगार बेकार झाले. खलाशांना रोजंदारीवरचे मजूर मानले जात असल्याने त्यांना नोकरी गेल्याची भरपाईसुद्धा मिळाली नाही. ती द्यायचे सरकारने मान्य केले २००० मध्ये, तोवर त्यांतले कित्येक वारले होते. लंडनने आपल्या गरीब नागरिकांच्या पोटावर पाय देऊन नाटोची मोट बांधून ठेवली, असे हलमध्ये बोलले जाई, आणि त्यात तथ्य होते. ग्रामोफोन लावणाऱ्या गिलख्रिस्ट यांनी निवृत्तीनंतर १९७८ मध्ये या सगळ्यावर पुस्तक लिहिले. कॉड युद्धे कशी हरावीत, हे त्याच्या नावातच आहे.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर उत्तर अटलांटिकमधल्या पाणबुड्यांची धास्ती ओसरली. सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकेने केफ्लाविकमधले आपले सैन्य हलवले. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २००८ मध्ये, आइसलँडच्या बँका बुडाल्या. ब्रिटिश ठेवीदारांचे पैसे अडकले म्हणून लंडनने २००१ च्या दहशतवादविरोधी कायद्यातले अधिकार वापरून लांड्सबांकी बँकेची मालमत्ता गोठवली. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने त्याआधी स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कला डॉलर पुरवले होते, आइसलँडला नाही. रेक्याविकने जुनी चाल करून पाहिली आणि रशियाकडून कर्ज मिळणार असल्याचे जाहीर केले. या वेळी वॉशिंग्टनमध्ये कुणाची धावपळ झाली नाही, आणि रशियाचे ते कर्जही आले नाही. ठेवींचा वाद चार वर्षांहून अधिक काळ चालला. दोन सार्वमतांत आइसलँडच्या जनतेने भरपाईचे करार फेटाळले, आणि जानेवारी २०१३ मध्ये युरोपीय मुक्त व्यापार संघटनेच्या न्यायालयाने निकाल आइसलँडच्या बाजूने दिला. या वेळी त्यांचे वकील न्यायालयात हजर होते.